अपुरी शकुंतला, अपुरे चतुष्टय

उज्जैनचा रामघाट हा शिप्रेकाठच्या घाटांपैकी सर्वांत गजबजलेला घाट असून सिंहस्थातील स्नानाची मुख्य गर्दी याच पायऱ्यांवर लोटते. समोरच्या तीरावर दत्त आखाडा आहे आणि घाटाच्या मागे थोड्याच अंतरावर हरसिद्धी व महाकाल ही दोन देवस्थाने आहेत. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष मेघाला अलकेची वाट सांगताना, थोडी वाकडी वाट करावी लागली तरी उज्जयिनी चुकवू नकोस, असे बजावतो ते याच परिसरासाठी. शिप्रेवरून येणारा, सारसांचा कलरव दूरवर नेणारा पहाटवारा आणि महाकालाच्या सायंपूजेत मेघाने आपल्या गर्जनेने वाजवायचा नगारा, या दोन्ही गोष्टी त्या काव्यात ऐकण्याच्या आहेत. कालिदास याच नगरीचा होता की नाही हा वाद जुना आहे. मात्र परंपरेने त्याला उज्जैनचा मानले आहे, आणि मेघदूत लिहिणाऱ्याला ही नगरी जवळून ठाऊक होती, याविषयी वाचकाला शंका उरत नाही.

या कवीचे संगीताशी असलेले नाते वर्णनापुरते नाही. अवंतीतील खेड्यांतले म्हातारे उदयनाच्या कथा सांगण्यात पटाईत आहेत, असे तो म्हणतो. हा उदयन म्हणजे वत्स देशाचा राजा, जो आपल्या घोषवती नावाच्या वीणेने रानटी हत्तींना वश करीत असे आणि उज्जयिनीच्या प्रद्योताच्या कैदेत असताना त्याच्याच कन्येला, वासवदत्तेला, वीणा शिकवता शिकवता तिला घेऊन पसार झाला. उत्तरमेघात यक्षपत्नी मळक्या वस्त्रावर वीणा घेऊन बसते, डोळ्यांतल्या पाण्याने भिजलेली तार कशीबशी पुसते, आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना, म्हणजे सात स्वरांचा ठरावीक क्रम, पुन्हा पुन्हा विसरते. ओल्या तारेचा नाद बसतो, हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक असणारे बारीक निरीक्षण कवीने विरहाच्या वर्णनात सहज वापरले आहे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकाचा प्रारंभही संगीताने होतो: पडद्याआड हंसपदिका गात असते, दुष्यंत ते ऐकतो, आणि काहीही उणे नसताना आपले मन का हुरहुरते, हे त्याला उमगत नाही. प्रेक्षकाला ते उमगते, कारण विसरलेली शकुंतला त्याच वेळी दाराशी येऊन ठेपलेली आहे. शब्दांना जे आठवत नाही ते सुरांना आठवते, ही कल्पना पुढे युरोपातील रोमँटिक संगीताने आपली म्हणून मिरवली. कालिदासाकडे ती आधीपासून होती.

हेच नाटक १८२० च्या शरद ऋतूत व्हिएन्नातील एका तेवीस वर्षांच्या संगीतकाराच्या मेजावर होते. फ्रान्झ शूबर्टने त्याचा ऑपेरा करायला घेतला आणि दोन अंकांचे आराखडे लिहून सोडून दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याने चार तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहायला घेतली आणि तीही अपुरी ठेवली. पहिली रचना जवळजवळ विस्मृतीत गेली, दुसरी आज जगभरच्या मैफलींत वाजते. या दोन अपुऱ्या कामांचा शेजार आणि त्याच शकुंतलेला पुढे मराठी रंगभूमीवर लाभलेली पूर्तता हा या लेखाचा विषय आहे.

कालगणनेच्या दृष्टीने एक गोष्ट आधी नोंदवायला हवी. शूबर्ट व्हिएन्नात लिहीत होता तेव्हा रामघाटावर मराठी अंमल होता. राणोजी शिंद्यांच्या काळापासून उज्जैन हे शिंदेशाहीचे मुख्य ठाणे राहिले होते. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर नव्याने उभारले होते, आणि १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलवीपर्यंत राजधानीचा मान या नगरीकडे होता. उज्जैनच्या उत्तरेला, याच शिप्रेच्या काठी महिदपूर येथे २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांचा इंग्रजांनी पराभव केला आणि माळव्याचे राजकारण पालटले. तरीही उज्जैन १९४८ पर्यंत ग्वाल्हेर संस्थानातच राहिले. दरबार हलला तसा माळव्यातील नदीकाठच्या नगरीचा राजाश्रयही ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात जाऊन स्थिरावला. पुढे ज्या ग्वाल्हेर गायकीने महाराष्ट्राला ख्याल दिला, तिला आश्रय देणारा दरबार हाच.

शाकुंतल मात्र उज्जैनहून थेट व्हिएन्नाला गेले नाही. त्याची वाट कलकत्त्यावरून होती. सर विल्यम जोन्स १७८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी त्याने एशियाटिक सोसायटीची स्थापना केली. संस्कृतात ‘नाटक’ नावाचे ग्रंथ आहेत हे कळल्यावर ते इतिहास असावेत की संवाद, याचा त्याला उलगडा होईना. तेव्हा राधाकांत नावाच्या पंडिताने, कलकत्त्यात थंडीच्या दिवसांत इंग्रज लोक जे खेळ करतात तसलेच हे असतात, असे सांगून त्याचे कोडे सोडवले. जोन्सने आधी शब्दशः लॅटिन आणि मग त्यावरून इंग्रजी भाषांतर केले. संस्कृत आणि लॅटिन या भाषांची घडण एकमेकींना जवळची असल्याने त्याला हा मधला टप्पा सोयीचा वाटला. ‘सकोंतला, अथवा घातक अंगठी’ अशा अर्थाच्या नावाने ते १७८९ मध्ये कलकत्त्यात छापले गेले. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या जलप्रवासात सहभागी झालेला गेऑर्ग फोर्स्टर याने १७९१ मध्ये त्या इंग्रजीवरून जर्मन भाषांतर केले, गटेने त्याच वर्षी या नाटकावर आपली प्रसिद्ध चार ओळींची प्रशस्ती लिहिली, आणि १८०३ मध्ये हेर्डरच्या प्रस्तावनेसह फोर्स्टरची दुसरी आवृत्ती निघाली. म्हणजे जर्मन वाचकांच्या हाती पडलेली शकुंतला ही बंगाली पाठाच्या लॅटिनाच्या इंग्रजीचे जर्मन होती, आणि चार घरचे पाणी पिऊनही तिचे तेज टिकले हे मूळ नाटकाच्या बांधणीचे बळ मानावे लागेल. गटेच्या स्तुतीचा हवाला मराठी ग्रंथांत इतक्या वेळा दिला गेला आहे की त्याआधीची ही पायपीट कोणाला आठवत नाही.

व्हिएन्नात तिची गाठ पडली ती शाळामास्तराच्या मुलाशी. शूबर्टचा जन्म ३१ जानेवारी १७९७ चा. वडील व्हिएन्नाच्या उपनगरात शाळा चालवीत आणि घरात तंतुवाद्यांचे चतुष्टय, म्हणजे ज्याला सामान्यतः स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात ते, नियमित वाजे. या मेळात दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा आणि खालच्या स्वरांचा व्हिओला, आणि गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा धीरगंभीर चेलो अशी चार वाद्ये असतात. इग्नाट्स आणि फर्डिनांड हे दोघे थोरले भाऊ व्हायोलिन घेत, फ्रान्झ व्हिओला आणि वडील चेलो. चुकत ते बहुधा वडीलच. फ्रान्झ पहिल्या वेळी दुर्लक्ष करी आणि चूक पुन्हा झाली की हसत हसत, अदबीने, कुठेतरी काहीतरी चुकते आहे असे सुचवी, अशी आठवण फर्डिनांडने नोंदवून ठेवली आहे. हिंदुस्तानी मैफलीत एक मुख्य कलावंत आणि बाकीचे त्याला साथ करणारे, अशी उतरंड असते. चतुष्टयात ती नसते, कारण तेथे चौघांनाही स्वतंत्र ओळी दिलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीला कधी पुढे यावे लागते, कधी इतरांच्या खाली वाहावे लागते. वडिलांची चूक काढण्याची मुभा मुलाला मिळावी, ही त्या रचनेतच असलेली समता होती. शूबर्टने विशीच्या आत लिहिलेली दहाबारा चतुष्टये बहुतांशी या घरगुती मेळासाठी, त्यातल्या प्रत्येकाची कुवत ओळखून लिहिलेली आहेत.

१८१६ नंतर त्याने चार वर्षे या प्रकारात एकही पूर्ण काम केले नाही, कारण त्याचे लक्ष रंगभूमीकडे लागले होते. व्हिएन्नात संगीतकाराला पैसा आणि नाव मिळत असे ते ऑपेरातून. गाणी मित्रमंडळींत वाहवा मिळवीत, पण घरभाडे देत नसत. १८२० साल या दृष्टीने त्याच्या आयुष्यातील सर्वांत आशेचे होते. १४ जूनला ‘जुळे भाऊ’ हा त्याचा छोटा ऑपेरा आणि १९ ऑगस्टला ‘जादूची हार्प’ हे संगीतप्रधान नाटक रंगभूमीवर आले, आणि थोड्याच प्रयोगांनंतर दोन्ही उतरली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा कवी मित्र योहान झेन याला ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख याच्या पोलिसांनी पकडले तेव्हा शूबर्ट तिथे हजर होता आणि त्यालाही काही काळ अडकवून ठेवले गेले. झेनला चौदा महिने कोठडीत काढावे लागले आणि नंतर त्याला तिरोलला पाठवून देण्यात आले. या वातावरणात, ऑक्टोबरच्या सुमारास, शूबर्टने ‘साकोंताला’ हाती घेतला.

त्याची संहिता योहान फिलिप नॉयमान याने लिहिली होती. हा गृहस्थ व्यवसायाने व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता आणि पुढे १८२७ मध्ये शूबर्टने संगीत दिलेल्या जर्मन उपासनागीतांचे शब्दही त्यानेच लिहिले. ऑपेराचे तीन अंक योजले होते. शूबर्टने पहिल्या दोहोंचे आराखडे केले, तिसऱ्याला हात लागला नाही. आराखडा म्हणजे काय ते समजून घेणे उपयोगाचे आहे: गायकांच्या ओळी शब्दांसह लिहायच्या, तळाच्या स्वरांची ओळ मांडायची, आणि मधली जागा, जिथे वाद्यवृंदाचे सगळे रंग भरायचे, ती अधूनमधून एखादी खूण करून मोकळी सोडायची. घराच्या भिंती आणि पाया आहे, मधले वासे नाहीत, अशी ही अवस्था असते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी डॅनिश संगीतकार कार्ल ऑगे रास्मुसेन याने या आराखड्यांवरून गाता येईल असा पाठ सिद्ध केला तेव्हा ते संगीत ऐकायला मिळाले. त्यात समूहगानाचे काही भाग सुंदर आहेत, परंतु नाटकाचा जीव ज्या प्रसंगात आहे, म्हणजे राजा ओळखत नाही आणि अंगठी बोटात नाही, तो पेलणारी नाट्यमय ताकद शूबर्टच्या रंगमंचीय लेखनात तेव्हा आलेली नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

ती ताकद दिसली दोनच महिन्यांनी, शब्दांविना. डिसेंबर १८२० मध्ये लिहिलेले सी मायनरमधील चतुष्टय आज ‘क्वार्टेटझाट्स’, म्हणजे ‘चतुष्टयाचा खंड’, या नावाने ओळखले जाते, कारण चार खंडांच्या या योजनेतला पहिलाच खंड पूर्ण झाला आणि दुसऱ्या संथ खंडाच्या ४१ मात्राखंडांनंतर लेखणी थांबली. पूर्ण झालेला खंड सुमारे नऊ मिनिटांचा आहे. पहिले व्हायोलिन एकटेच, अगदी दबक्या आवाजात, जलद थरथरत्या स्वरांनी सुरुवात करते. मग दुसरे व्हायोलिन त्यात शिरते, मग व्हिओला, मग चेलो, आणि कुजबुज वाढत वाढत अवघ्या काही क्षणांत किंकाळीला पोचते. मराठी कानाला समजेल अशा भाषेत सांगायचे तर, सी हा षड्ज मानला की गंधार आणि धैवत कोमल आहेत, आणि ती वाढ जिथे फुटते तो स्वरसंघात, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, कोमल रिषभावर उभा आहे. षड्जाला अगदी चिकटून असलेला हा स्वर पाश्चात्त्य रचनेत पायाखालची जमीन सरकल्याचा भास देतो. भैरवाची सवय असलेल्या श्रोत्याला कोमल रिषभात पहाट दिसेल, पण शूबर्टच्या हाती त्या स्वराला आंदोलन नाही. तो एक धक्का देतो आणि निघून जातो.

त्यानंतर जे येते ते याहून विस्मयकारक आहे. कसलीही तयारी न करता संगीत एका लांब, मायाळू गीतात उतरते, जणू मघाचा प्रकार घडलाच नव्हता. त्या काळी अशा खंडासाठी सोनाटा नावाचा आराखडा रूढ होता: आधी दोन भिन्न स्वभावांच्या कल्पनांची मांडणी, मग त्यांचा विस्तार, आणि शेवटी पुनरागमन, ज्यात सुरुवातीची कल्पना मूळ षड्जावर परतते व श्रोत्याला घरी आल्याचा अनुभव येतो. शूबर्ट पुनरागमनाच्या जागी पहिल्या कल्पनेला बोलावतच नाही. गीत आधी येते, तेही दुसऱ्याच स्वरस्थानावरून, आणि ती थरथर कुठे गेली याचा श्रोत्याला विसर पडू लागतो. ती येते थेट शेवटी, अगदी अखेरच्या क्षणी, जशीच्या तशी, आणि तिच्यासोबत खंड संपतो. जे विसरले गेले होते ते अखेरीस ओळखले जाते. ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाच्या पूर्ण नावातील अभिज्ञान या शब्दाचा अर्थ हाच, म्हणजे खुणेवरून पटलेली ओळख.

इथे मोह आवरायला हवा. शकुंतलेची अंगठी आणि क्वार्टेटझाट्सचे पुनरागमन यांच्यात नाते जोडणारा एकही शब्द शूबर्टने लिहिलेला नाही, आणि संगीताच्या प्रत्येक वळणामागे कथा शोधण्याची खोड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने लावलेली आहे. शेजार सिद्ध होतो, प्रभाव सिद्ध होत नाही. तरीही एवढे म्हणता येते की एक संगीतकार वर्षभर रंगभूमीसाठी लिहितो, प्रवेश उभे करणे, ताण चढवणे आणि अकस्मात वळण घेणे या गोष्टींशी झगडतो, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चार वाद्यांच्या रचनेत हे सगळे प्रथमच पूर्ण ताकदीने उतरते, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. घरातल्या चौघांसाठी लिहिणारा मुलगा इथे संपला. वडिलांच्या चेलोला ही ओळ झेपली नसती.

पुढच्या चार वर्षांत आणखी काही कामे अपुरी राहिली. १८२२ मधली बी मायनर सिम्फनी त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. त्या वर्षाच्या अखेरीस जडलेल्या आजाराने त्याचे आयुष्य बदलले, ऑपेराच्या आशा इटालियन ऑपेराकार रोसिनीच्या लाटेत वाहून गेल्या, आणि १८२४ मध्ये तो पुन्हा चतुष्टयाकडे वळला. आता परिस्थितीही अनुकूल झाली होती, कारण इग्नाट्स शुपान्ट्सिग हा बेथोव्हनचा विश्वासू व्हायोलिनवादक रशियातून परतला होता आणि त्याने चतुष्टयांच्या जाहीर मैफली पुन्हा सुरू केल्या होत्या. घरातल्या खोलीत वाजणारी कला आता तिकीट काढून ऐकायची झाली होती. १४ मार्च १८२४ रोजी शुपान्ट्सिगच्या मंडळीने शूबर्टचे ए मायनरमधील चतुष्टय वाजवले, आणि त्याच्या हयातीत छापले गेलेले हे एकमेव चतुष्टय ठरले. त्याच महिन्यात ‘मृत्यू आणि कुमारिका’ या नावाने ओळखले जाणारे डी मायनरमधील चतुष्टय लिहून झाले. त्याच्या संथ खंडात त्याने आपल्याच एका जुन्या गाण्याची चाल घेतली, पण शब्द गाळून. आपण चतुष्टये लिहीत आहोत ती मोठ्या सिम्फनीकडे जाणारी वाट तयार करण्यासाठी, असे त्याने ३१ मार्चच्या पत्रात चित्रकार मित्र कुपेलव्हीझर याला कळवले होते. १८२६ च्या जूनमध्ये जी मेजरमधील शेवटचे चतुष्टय झाले, आणि १८२८ च्या शरद ऋतूपर्यंत, मृत्यूच्या दोनच महिने आधी, सी मेजरमधील पंचक पूर्ण झाले.

या पंचकात मोत्सार्टच्या प्रघाताप्रमाणे दोन व्हिओला नाहीत. दोन चेलो आहेत. त्यामुळे एक चेलो तळ सांभाळत असताना दुसरा मोकळा होऊन वर गाऊ शकतो. संथ खंडात मधली तीन वाद्ये इतके लांब स्वर धरून ठेवतात की काळ थबकल्यासारखा वाटतो, वर व्हायोलिन तुटक बोल टाकते आणि खाली दुसरा चेलो बोटाने तार छेडतो; ती छेड ऐकताना तंबोऱ्याचा खर्ज आठवल्याशिवाय राहत नाही. मग कसलीही सूचना न देता षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि वादळ उठते. आठ वर्षांपूर्वीचा कोमल रिषभ इथे एका स्वरापुरता उरलेला नाही, तो आख्खा प्रदेश झाला आहे. पंचकाच्या शेवटच्या क्षणी पाचही वाद्ये जोराने जे दोन स्वर वाजवतात ते कोमल रिषभ आणि षड्ज आहेत. सगळे आटोपल्यावरही तो धक्का पुसलेला नाही.

१९ नोव्हेंबर १८२८ रोजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी शूबर्ट वारला. पंचक प्रथम जाहीरपणे वाजले १८५० मध्ये आणि छापले गेले १८५३ मध्ये. क्वार्टेटझाट्सचे हस्तलिखित पुढे संगीतकार ब्राम्सच्या संग्रहात आले. १ मार्च १८६७ रोजी व्हिएन्नात त्याचे पहिले वादन झाले आणि १८७० मध्ये ते लायप्झिगला छापले गेले. मौज अशी की त्या पहिल्या वादनाच्या चौदाएक महिने आधी, व्हिएन्नातच, १८६५ च्या अखेरीस कार्ल गोल्डमार्क या हंगेरीत जन्मलेल्या संगीतकाराची ‘शकुंतला’ ही वाद्यवृंदासाठीची रचना गाजली होती आणि तिने त्याला एका रात्रीत नाव मिळवून दिले होते. शकुंतलेच्या नावाने व्हिएन्नाने टाळ्या वाजवल्या तेव्हा शूबर्टचे आराखडे आणि त्यांच्या शेजारचा खंड दोन्ही अंधारात होते.

याच दशकात शकुंतला मराठीत आली. परशुरामतात्या गोडबोले यांचे भाषांतर १८६१ चे. ते वेणीसंहार आणि उत्तररामचरितानंतरचे असून त्याच मालिकेत पुढे मृच्छकटिकही झाले, आणि त्यांमागे नव्या विद्यालयांतील वाचकांची गरज होती. वाचण्याचे शाकुंतल गाण्याचे झाले ते १८८० मध्ये. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यात सरकारी कचेरीत नोकरीला असताना पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ पाहून असे काही मराठीत व्हावे या विचाराने पेटले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांनी संगीत शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगवले. दुष्यंत मोरोबा वाघुलीकरांचा, कण्व बाळकोबा नाटेकरांचा, शकुंतला शंकरराव मुजुमदारांची, आणि सूत्रधार खुद्द अण्णासाहेब. उरलेल्या अंकांसह सबंध सात अंकी नाटक पुढील वर्षी उभे राहिले. म्हणजे पुण्याच्या शकुंतलेचा पहिला प्रयोगही अपुराच होता. फरक इतकाच की इथे प्रेक्षकांनीच पुढले अंक मागून घेतले.

शूबर्टला जे जमले नाही ते किर्लोस्करांना जमले, हा सरळ हिशेब मात्र फसवा ठरेल, कारण दोघांपुढचे काम वेगळे होते. व्हिएन्नाच्या ऑपेराला अंकभर अखंड वाहणारे संगीत हवे होते आणि नाट्य त्या संगीतानेच पेलायचे होते. किर्लोस्करांनी नाट्य गद्यावर सोपवले, आणि साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, लावणी, कर्नाटकी चाली अशा तयार साच्यांत दोनशेच्या आसपास पदे बसवली. कीर्तनाने घडवलेल्या श्रोत्याला कथा थांबवून पद आणि पद थांबवून कथा ही चाल अंगवळणी पडलेली होती. आरंभीच्या संगीत नाटकांत साथीला सारंगी आणि तबला असे. ऑर्गन नंतर आला. सारंगी गळ्याच्या सावलीसारखी मागे राहते, बोल उचलते आणि भरून काढते. पुढे गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असे दिग्गज असतानाही हे नाते बदलले नाही. तंतुवाद्याने गाणाऱ्याला सोडून स्वतःच नाटक करावे, ही अपेक्षा मराठी रंगभूमीने त्याच्याकडून कधी केली नाही. ज्या भाषेला पदांची एवढी समृद्धी लाभली तिला ती करण्याची निकडही भासली नसावी.

चार तंतुवाद्यांचा मेळ महाराष्ट्रात रुजवण्याचा प्रयत्न झाला तो मुंबईत, आणि तोही मध्य युरोपाच्या परंपरेत वाढलेल्या एका निर्वासिताच्या सहभागाने. बोहेमियात जन्मलेला, ज्यू कुटुंबातील संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आला आणि त्याने चेंबर संगीताची, म्हणजे दालनात मोजक्या वादकांनी वाजवायच्या संगीताची, मंडळी उभी केली. तिचे मुख्य व्हायोलिनवादक मेहली मेहता होते, ज्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. त्यांच्या घरातल्या तालमी ऐकत वाढलेला मुलगा म्हणजे झुबिन मेहता. कॉफमन पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, आणि आकाशवाणीची ओळखधून त्याच्याच नावावर आहे. शिवरंजनीच्या छायेतली ती व्हायोलिनची ओळ, खाली तंबोऱ्याचा आधार, पहाटेच्या पहिल्या प्रसारणाआधी घरोघरी वाजत राहिली, उज्जैनमध्येही तीच.

उज्जैनमध्ये कालिदासाचे नाव नव्याने जागवले ते पंडित सूर्यनारायण व्यास यांनी. त्यांच्या खटपटीतून उभा राहिलेला अखिल भारतीय कालिदास समारोह १९५८ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाला, आणि तेव्हापासून त्यात कालिदासाची नाटके संस्कृतात व इतर भाषांत होत आली आहेत. समारोहाची तारीख इंग्रजी महिन्याने ठरत नाही. मेघदूतातील यक्षाच्या शापाची मुदत शेषशायी विष्णू निद्रेतून उठतो त्या दिवशी संपते, म्हणून कार्तिक शुद्ध एकादशीला, शिप्रेवर थंडी उतरू लागते त्या सुमारास, तो आरंभ होतो.